पाटीवर काय लिहायचं? (गंजिफा, ॲनिमे आणि आमचा बाबू)

वाडीची_सून
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फणसाच्या भाजीवर नाहीतर गणपतीच्या गाड्यांच्या वेटिंग लिस्टवर लिहिते. आज विषय घरचा आहे.

आमचा मुलगा १५ वर्षांचा. घरी बाबू म्हणतो, इथेही तेच म्हणते. चौथ्या वर्षी स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान झालं. बोलतो छान, पण त्याच्या विषयावर. गेली तीन वर्षं विषय एकच, एक जपानी ॲनिमे. (नाव देत नाही. दिलं की अर्धा धागा तिकडे पळेल.) मग सावंतवाडीच्या राजवाड्यात त्यानं गंजिफा पाहिल्या आणि दोन वेडं एकमेकांत मिसळली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पानं. राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. एकूण १२० पानं, सगळी गोल. बाबूनं मत्स्य, कूर्म, वराह वगैरेंच्या जागी ॲनिमेतल्या दहा टोळ्या बसवल्या आणि अख्खा संच हातानं रंगवला. नुसता पुठ्ठा वाकतो म्हणून सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवले, वर खडूचा हात दिला, गुळगुळीत दगडानं घोटले. तीन महिने मागल्या पडवीत खळीचा वास होता.

तर आता मे महिन्यात चाकरमानी आले की गावातलं वाचनालय दोन दिवस प्रदर्शन भरवतं. यंदा बाबूची पानं मांडायची म्हणतायत. कार्यवाह काका मनानं भले आहेत. पाटीचा मजकूरही लिहूनच घेऊन आले: 'स्वमग्नतेवर मात करणाऱ्या विशेष बालकाची अद्भुत कला'. वाचून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. ह्यांचं म्हणणं, पाटीवर तो शब्दच नको, उद्या प्रत्येक लग्नकार्यात लोक तेच विचारत बसतील. मला 'मात' खटकतंय. पण असंही वाटतं की पाटी लागली तर गाव त्याला 'खुळो' म्हणायचं तरी थांबेल. काय करू?

तिरफळ
वहिनी, आधी फोटो!! पाटीचं नंतर बघू.

वाडीची_सून
फोटो नाही टाकता येणार. त्याला विचारलं. म्हणाला, १२० पानं एका फोटोत मावत नाहीत आणि अर्धा संच दाखवायचा नसतो.

तिरफळ
बरोबर आहे त्याचं. मी गप्प.

घाटमाथा
राग मानू नका, पण आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. मुलं दिवसभर उन्हातान्हात असायची. आता मोबाईल, कार्टून, आईबाप दोघे नोकरीला. मग मूल आपल्या कोषात जाणारच. तो ॲनिमे बंद करून बघा सहा महिने.

औषधाची_पुडी
घाटमाथा, बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी स्वमग्न मुलांवरचा लेख १९४३ साली लिहिला. तेव्हा मोबाईल कोणाच्या हातात होता? आणि 'आई थंड, म्हणून मूल असं' हा सिद्धांतही पुढे बरीच वर्षं चालला. कित्येक आयांनी तो विनाकारण पोटात वागवला. तो केव्हाच मोडीत निघालाय. लसीचंही तेच. लसीमुळे स्वमग्नता येते असं सुचवणारा १९९८ सालचा शोधनिबंध खुद्द तो छापणाऱ्या नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला, तरी आमच्या केंद्रावर आजही आया विचारतात, लस देऊ ना? स्वमग्नता जन्मापासून मेंदूच्या घडणीत असते. तुमच्या वेळीही होती. फक्त तुम्ही त्या माणसांना दुसऱ्या नावांनी हाक मारत होतात.

ॲनिमे बंद केला तर मुलगा स्वमग्न राहीलच, वर ॲनिमेही गेलेला असेल.

तिरफळ
शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवतो.

संकासूर
माका ॲनिमे-बिनिमे काय कळणा नाय. पण आमचो आजो दशावतारी नाटकांचो असो नाद करी, की कार्तिकापासून शिमग्यापर्यंत घरात गावाचो नाय. आज ह्या गावची जत्रा, उद्या त्या. खंयच्या कंपनीत राजा कोण करता, स्त्रीपार्ट कोणाचो, कोणी खंयच्या सालात कंपनी सोडल्यान, सगळा तोंडपाठ. दशावतारात लिहिलेली संहिता नसता, तरी गेल्या वर्षी त्याच नाटकात त्याच राजान काय संवाद टाकल्यान ता आजो म्हणान दाखवी. पेरणी सोडून. आजी कपाळ बडवी.

त्येका कोणी डॉक्टराकडे व्हरूक नाय. गावान त्येका 'रसिक' म्हटला.

गजालवाली
संकासूर, एक नंबर! मी हेच लिहायला आले होते, जरा जड भाषेत. ते आता राहू दे.

मी गेली नऊ वर्षं फॅनफिक लिहिते. दुसऱ्याच्या गोष्टीतली पात्रं घेऊन आपल्या गोष्टी रचायच्या, बाकी काही नाही. घरी सांगितलं तर 'म्हणजे चोरीच की' म्हणाले. मग पिंगुळीची चित्रकथी काय आहे? रामायण-महाभारत घ्यायचं, चित्रांची पोथी करायची आणि एकेक चित्र दाखवत आपल्या ढंगात गोष्ट सांगायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या जिल्ह्यानं मिठाई वाटली. आवडत्या गोष्टीवर आपला हात चालवायचा ही आपल्याकडची जुनीच खोड आहे. बाबू त्याच परंपरेतला. फक्त त्याची पुराणं टोकियोहून येतात.

पाटीबद्दल: माझ्या फॅनफिकच्या मंडळीत तीन-चार जण उघडपणे स्वमग्न आहेत. तिथे कोणी पाटी लावत नाही, पण कोणी लपवतही नाही. लिहून बोलायचं, विषय ठरलेला, डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती नाही. एकीनं पात्रांच्या वयाचा असा तक्ता केलाय की मूळ लेखकाच्या चुका त्यात सापडतात. आम्ही तिला देवी मानतो.

मुक्काम_पोस्ट
मस्त धागा. खरं सांगू का, आपण सगळेच थोडेफार स्वमग्न असतो. मी क्रिकेटचे आकडे पाठ करतो, बायको म्हणते तू पण त्यातलाच.

डबल_हेडर
नाही. सगळे थोडेफार नसतात.

मी आहे. वय ३४, निदान २९ व्या वर्षी. इथे मला लोक रेल्वेवाला म्हणून ओळखतात, हे आज पहिल्यांदाच लिहितोय. 'आपण सगळेच थोडेसे' हे वाक्य धीर द्यायला म्हणतात हे मला कळतं. पण त्याचा अर्थ असा होतो की मग तुलाच एवढं काय झालंय? तुम्हाला आकडे पाठ असतात. मला आरतीच्या झांजा कानात शिरल्या की दोन तास बोलता येत नाही. ओठ हलतात, शब्द येत नाहीत. लहानपणी दर गणपतीत मी मागल्या दारी न्हाणीत जाऊन बसायचो आणि 'देवाला पाठ दाखवतो' म्हणून मार खायचो. घरच्यांनी देवळात गाऱ्हाणंही घातलं होतं. नारळ, कोंबडा, सगळं.

गाड्यांनी मला वाचवलं असं मी म्हणणार नाही, ते फिल्मी होईल. पण २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे सलग सुरू झाली तेव्हा मी शाळेत होतो, आणि तिथून पुढे माझ्याकडे एक जागा होती जिथे सगळं वेळापत्रकानं चालतं. (निदान कागदावर.) मामा मला रत्नागिरीजवळ पानवल नदीचा पूल दाखवायला घेऊन गेला. ६४ मीटर उंच. मी खालून एक मालगाडी जाताना पाहिली, वाघिणी मोजल्या आणि घरी येऊन पहिल्यांदा आपणहून कोणाला तरी काहीतरी सांगितलं. मामा गप्प बसून ऐकत होता. मध्येच 'बरं, आता जेव' म्हणाला नाही. तेवढंच हवं असतं.

पाटीबद्दल माझं मत: 'मात' नको. मी कशावर मात केलेली नाही. सकाळी उठतो, स्वमग्न असतो, कामावर जातो, स्वमग्न असतो. 'बालक' पण नको, तो १५ वर्षांचा आहे. आणि एक प्रश्न, ताई. सासूबाईंचं मत आलं, यजमानांचं आलं, कार्यवाहांचं आलं, तुमचं आलं. बाबूचं कुठे आहे?

मुक्काम_पोस्ट
डबल_हेडर, माफ करा. विचार न करता लिहिलं. शब्द मागे.

डबल_हेडर
ठीक आहे. क्रिकेटचे आकडे मात्र चालू ठेवा.

वाडीची_सून
खरंच विचारलं नव्हतं. लाज वाटली वाचून. फोटोबद्दल विचारलं आणि पाटीबद्दल आम्ही मोठी माणसंच ओसरीवर बसून ठरवत होतो, तो आत पानं लावत होता. दाराआडून सगळं ऐकू जातं त्याला.

आंबा_पेटी_५_डझन
मी जरा व्यवहाराचं बोलतो. अशा हातकामाला पुण्या-मुंबईत चांगला भाव आहे. १२० पानांचा संच एकदम कोणी घेत नाही, पण सुटी पानं मॅग्नेट करून, चौकटीत घालून विका. इन्स्टावर टाका. मुलाच्या पायावर उभं राहण्याचंही बघायला हवं ना? तुम्ही गेल्यावर त्याचं कोण?

वाडीची_सून
दादा, शेवटचा प्रश्न रोज रात्री पडतो, तो तुम्ही लिहिलात म्हणून राग नाही. पण मुंबईच्या एका पाहुण्यांनी खरंच एका पानाचे ५०० रुपये देऊ केले होते. बाबूनं पान हातात घेतलं, जागेवर ठेवलं आणि म्हणाला, 'मग ११९ राहतील.' पाहुणे हसले. तो हसत नव्हता.

तिरफळ
११९ पानांनी डाव होतच नाही. तिघांत ४०-४० वाटायची असतात. व्यवहार त्यालाच कळतो, पाहुण्यांना नाही.

दर्यावर्दी
सगळं वाचलं. लिहू की नको करत तीन दिवस गेले.

माझी मुलगी ११ वर्षांची आहे. बोलत नाही. चित्र काढत नाही, गाड्या मोजत नाही, कसला नाद नाही. म्हणजे आहे: माझ्या जाळ्याची बोयरी (जाळं तरंगतं ठेवणारे गोळे) पाण्यात हलताना बघत बसते. तासन् तास. अजून कपडे घालून द्यावे लागतात. रात्री दोनला उठून हसते.

तुमच्या मुलाचं कौतुकच आहे, ताई. पण जिथे तिथे असा एक हुशार मुलगा दाखवतात आणि खाली लिहितात, 'यांच्यात दैवी देणगी असते'. मग शेजारीण विचारते, तुमच्या हिच्यात काय आहे? मी काय सांगू? बोयरी बघते सांगू? त्या कार्यवाहांच्या पाटीवरचा 'अद्भुत' वाचून माझ्या पोटात तेच आलं. गावाला अद्भुत असलेला चालतो. नुसता असलेला चालत नाही. गेल्या वर्षी एका लग्नात हिनं ओरडायला सुरुवात केली तर यजमानांनी हळूच आम्हाला मागच्या मांडवात ताटं वाढली. वाईट वागले नाहीत. वाढलं सगळं. सोलकढी दोनदा विचारली.

पाटी लावा की नका लावू. पण 'खुळो म्हणायचं थांबतील' म्हणून लावू नका. तुमच्या बाबूला थांबतील. माझ्या चिंगीला म्हणतच राहतील.

औषधाची_पुडी
दर्यावर्दी, काही बोलत नाही. फक्त कामाचं एक. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता स्वतंत्र आहे. चिंगीचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) झालं नसेल तर करून घ्या. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजनाही आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीसुद्धा येते. अर्ज भरायला मदत लागली तर निरोप करा. हा कागद बाकी कोणी बघायची गरज नसते.

दर्यावर्दी
कार्ड झालंय. विम्याचं माहीत नव्हतं. निरोप केला.

गजालवाली
दर्यावर्दी, मी वर बाबूला परंपरेतला वगैरे म्हटलं. 'देवी' पण म्हटलं एकीला. तुमचं वाचून ते पुन्हा वाचलं. आम्ही फॅन लोक स्वतःला फार उदार समजतो, पण आमच्यातही जिला तक्ते करता येतात तिलाच देवी म्हणतात. नुसती येऊन वाचणारी कोणाला आठवत नाही. चिंगीची बोयरी कुठल्या रंगाची असते?

दर्यावर्दी
भगवी. पांढरी लावली तर रडते. म्हणून सगळी भगवीच घेतली.

घाटमाथा
वर मी जे लिहिलं त्यावर दोन दिवस विचार केला. आमच्या वाड्यात एक काका होते, रोज पंचांग घेऊन बसायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. कुठल्याही वर्षाची कुठलीही तारीख द्या, वार सांगायचे. आम्ही पोरं त्यांना दगड मारायचो. एवढंच सांगायचं होतं.

आंबा_पेटी_५_डझन
वातावरण फार गंभीर झालं म्हणून एक शंका. चिंचोक्याची खळ पावसात टिकते का? आमच्याकडे भिंतीवरच्या फोटोलाही बुरशी धरते.

वाडीची_सून
टिकत नाही! पहिली २० पानं श्रावणात बुरशीनं गेली. दिवसभर जेवला नाही. आता पानांवर लाखेचा हात देतो आणि डब्यात तांदूळ घालून ठेवतो. जुने कारागीरही लाखच वापरायचे, त्याला राजवाड्यात कळलं. ही कला मरायला टेकली होती, १९७० च्या दशकात राजघराण्यानं पुन्हा उभी केली, हे सगळं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा.

तिरफळ
सिलिंडरवाला काय म्हणाला?

वाडीची_सून
'ओटीपी सांगा.'

डबल_हेडर
प्रदर्शनासाठी दोन सूचना. माईक नको. आणि एका कोपऱ्यात पाठ भिंतीला लागेल अशी खुर्ची द्या, मागून कोणी खांद्यावर हात ठेवू नये. लोक प्रेमानं ठेवतात. तो हात मला रात्रीपर्यंत जाणवतो.

वाडीची_सून
(तीन आठवड्यांनी)
प्रदर्शन झालं. उशिरा लिहितेय कारण घरात नऊ पाहुणे होते आणि आंबे.

बाबूला विचारलं, पाटीवर काय लिहू? म्हणाला, 'नियम.' मला वाटलं काहीतरी टाळतोय. तर तीन पानं लिहून आणली. अर्ध्या रंगांत दश्शी वरचढ, अर्ध्यांत एक्का, कुठल्या टोळीत काय, तिघांनीच खेळायचं, पानं ओल्या हातानं धरायची नाहीत. मी विचारलं, तुला स्वमग्नता आहे हे लिहायचं का? तो म्हणाला, 'ते खेळायला लागत नाही.' मग थोड्या वेळानं स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, 'कोणी विचारलं तर मी सांगीन. तू सांगू नको.'

कार्यवाह काका थोडे हिरमुसले, त्यांनी फ्लेक्सची ऑर्डर दिलेली होती. पण माईक नाही, फटाके नाहीत, खुर्ची भिंतीला, सगळं मानलं. सासूबाई मात्र दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, 'माझो नातू खुळो नाय, तेचा मन एका जाग्यार बसता.' त्यांना कोण अडवणार.

पहिल्या दिवशी लोक आले, 'वा वा' म्हणाले, पुढे गेले. चार जणांनी विचारलं, 'हा काय शिकतो?' एकानं हळू आवाजात मला, 'ह्याला काही आहे का हो?' मी म्हटलं, त्यालाच विचारा. विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरच्या वाडीतले एक आजोबा आले, ८५ च्या पुढचे. काठी टेकवून नियमांची तीनही पानं वाचली. लहानपणी घरात गंजिफा खेळायचे म्हणाले. बाबूच्या समोर बसले, तिसरा हात मी. ॲनिमेतल्या टोळ्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. म्हणाले, 'मला रामाची आणि कृष्णाची कुठली तेवढं सांग.' दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्यानं उतारी करायची (पहिलं पान टाकायचं), रात्री कृष्णाचा, असा तो नियम आहे. बाबूनं कृष्णाच्या जागी पांढऱ्या केसांची कोणीशी बाई केली आहे. आजोबांनी मान डोलावली.

पानं वाटून झाली. बाहेर आभाळ भरून आलेलं, दिवे लावलेले. आजोबा म्हणाले, रात्र झाली, कृष्ण उतरा. बाबू म्हणाला, नाही, राम. अंधार झालाय रे. बाबूनं घड्याळ दाखवलं: 'सूर्यास्त सहा पंचावन्नला आहे. आता सहा अठ्ठेचाळीस.' आजोबांनी बाहेर बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, 'बरोबर. ढगांचं धरायचं नसतं.' आणि राम उतरला.

मी दोन्ही डाव हरले. दर्यावर्दी, तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी चिंगीला घेऊन आला होतात ना? तुम्ही नाव सांगितलं नाहीत, पण खिडकीत बसलेली मुलगी होती, हातात भगवं बोयरं.

दर्यावर्दी
होय. खिडकीतच बसली. बाबूनं तिला काही विचारलं नाही, पानं दाखवायला पण आला नाही. आपली खुर्ची जरा सरकवली, तिच्या अंगावर वारा यावा म्हणून. पाऊण तास बसली.

डबल_हेडर
१० तारखेला का? तर सूर्यास्त बरोबर आहे.